सेवानिवृत्त म्हणजे कोड तीन

जानेवारी २०२४. यांच्या साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या संपत आल्या होत्या, म्हणून पिशवीत केसपेपर आणि ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड टाकून मी नेहमीसारखी दवाखान्यात गेले. खिडकीवरच्या मुलीने नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं, परत टाकला.

"काकू, बंद दाखवतंय."

"काय बंद?"

"तुमचं कार्ड. डिसेंबरपर्यंतच होतं."

मागे रांग होती. एका बाईच्या कडेवर तापाने फणफणलेलं पोर होतं. वाद घालायची ही जागा नव्हे, हे कळत होतं. पण मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. त्या कार्डाचे नियम मला दुसऱ्या कुणी सांगावेत, अशी माझी परिस्थिती नव्हती. चोवीस वर्षं मी हेच काम केलं होतं.

एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी ऑफिस सांभाळायचे. चाळीस-पंचेचाळीस माणसं, पत्र्याचे सुटे भाग, तीन प्रेस, चार लेथ. हजेरी, पगारपत्रक, पीएफ, ईएसआय हे सगळं माझ्याकडे. पंधरा तारखेच्या आत दोन्ही चलनं गेली पाहिजेत, हा माझा महिन्याचा सण. कामगार म्हणायचे, "बाईंना विचारा." कुणाचं बाळंतपण, कुणाची बोटं प्रेसखाली आलेली, कुणाच्या आईचं ऑपरेशन, कोणता कागद कुठे द्यायचा ते मी तोंडपाठ सांगायचे. आणि आता मीच खिडकीसमोर "काय बंद?" म्हणून विचारत उभी होते.

३१ मे २०२३ ला मी ५८ वर्षांची होऊन निवृत्त झाले. नारळ, शाल, बॉक्समधलं घड्याळ. घरी आल्यावर पहिलं लक्ष अर्थातच पेन्शनकडे, आणि त्या पेन्शनने मला असं दमवलं की ईएसआयचा विचार करायला डोकंच शिल्लक राहिलं नाही. म्हणून आधी ते सांगते.

आम्हाला मिळते ती ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांची पेन्शन. १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची योजना. आपल्या पगारातून कापलेले बारा टक्के सगळेच्या सगळे पीएफमध्ये जातात, पेन्शनला त्यातला एक पैसा जात नाही. मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनला जातात आणि उरलेले ३.६७ पीएफला. हे मी किती जणांना समजावलं असेल! दरवेळी समोरचा म्हणायचा, "म्हणजे पेन्शनचे पैसे मालक देतो होय?" आणि मी म्हणायचे, "तुझ्याच घामाचे आहेत रे."

पेन्शनच्या अर्जाचा फॉर्म १०-डी भरला. नवरा-बायकोचा एकत्र फोटो, सह्यांचे आणि बोटांच्या ठशांचे नमुने, रद्द केलेला चेक, सगळं व्यवस्थित. तीन आठवड्यांनी अर्ज परत. कारण, नाव जुळत नाही. आधारवर माझं नाव, यांचं नाव, आडनाव असं सरळ आहे. पीएफच्या रेकॉर्डला मात्र माझं पहिलं नाव होतं "सौ". १९९९ साली माझ्या आधीच्या क्लार्कने फॉर्म भरताना आदराने सौ. लावलं, कुणीतरी ते इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, मधला टिंब गळला, आणि सरकारदरबारी मी चोवीस वर्षं सौ या नावाची बाई होते. पासबुक मी शेकडो वेळा उघडलं असेल. वरची ओळ कधी वाचलीच नाही, खालचे आकडे तेवढे बघायचे.

नाव दुरुस्त करायला जॉइंट डिक्लरेशन लागलं. म्हणजे मी आणि कंपनी दोघांनी मिळून सांगायचं की ही ती आणि ती हीच. माझ्या जागी आलेला मुलगा हुशार आहे, पण त्याला पोर्टलवर तो पर्याय सापडेना. शेवटी मी जुन्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसले आणि माझंच नाव माझ्याच देखरेखीखाली दुरुस्त करून घेतलं. त्यात पावसाळा गेला. ऑक्टोबरमध्ये पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजूर झाल्याचा कागद, हातात आला, मागच्या महिन्यांची थकबाकीही आली.

रक्कम? महिना तीन हजार दोनशेच्या आतबाहेर. धक्का बसला नाही, कारण हिशोब मी आधीच कागदावर मांडला होता. सरासरी पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पण त्यात मेख आहे. सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना पगार कितीही जास्त असो, ६,५०० रुपयांच्या वर धरत नाहीत. त्यानंतरच्या वर्षांना खरी सरासरी, पण १५,००० च्या आत. माझी सरासरी बारा हजार. म्हणजे पहिल्या पंधरा वर्षांचे ढोबळ १,३९० आणि नंतरच्या नऊ वर्षांचे १,५४० च्या घरात. वीस वर्षं किंवा जास्त नोकरी झाली की दोन वर्षं वरून देतात, ती धरून तीन हजार दोनशेचा आकडा. तीन हजारांत काय होतं ते मी सांगायला नको. आणि आज लागली ती रक्कम तशीच राहणार, महागाईभत्ता वगैरे प्रकार नाही. मला निदान एवढी तरी मिळते. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये एक हजार ठरली, त्या हजारावर महिना काढणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत.

इथे एक कबुली द्यायला हवी. माझा शेवटचा एकूण पगार १९,२०० होता. मग सरासरी बाराच हजार का? कारण पीएफ कापायचा तो बेसिक आणि डीएवर, आणि बाकीचे पैसे भत्त्यांत घालायचे, अशी पद्धत आमच्याकडे होती. ते पगारपत्रक मी स्वतः बनवत होते. दरवर्षी वाढ झाली की मालक सांगायचे, "बेसिकला हात लावू नका, भत्त्यात घाला," आणि मी घालायचे. हातात तेवढेच येतात म्हणून कामगारही खूश, मीही खूश. कात्री पेन्शनला लागत होती.

ईएसआयला मात्र ही चलाखी चालत नव्हती. तिथे हप्ता एकूण पगारावर असायचा. ओव्हरटाइमचे पैसेसुद्धा हप्त्यासाठी धरायचे. १ जुलै २०१९ पासून कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५, त्याआधी १.७५ आणि ४.७५ होते. माझ्या स्लिपवर ईएसआय म्हणून १४४ रुपये कापलेले दिसायचे, मालकाचे त्यावर ६२४. त्या १४४ रुपयांत मी आणि घरची माणसं, सगळ्यांचे उपचार. यांना नोकरी कधी धड टिकली नाही. किराणा दुकानं, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लिखापढी, असं चाललं. त्यांच्या साखरेचा सगळा भार माझ्या कार्डावर होता. बाहेरून गोळ्या घेतल्या तर महिन्याला नऊशे-साडेनऊशे लागतात, हे मला जानेवारीत दवाखान्यातून रिकाम्या हाताने परतताना मेडिकलच्या बिलावर कळलं. तीन हजार दोनशेतले साडेनऊशे.

मला वाटलं होतं, नोकरी सुटली म्हणजे ईएसआयही सुटली. उलट जूननंतरही कार्ड चालत होतं याचंच नवल वाटायचं. ते का चालत होतं, हे तरी मला कळायला हवं होतं. ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत भरलेल्या हप्त्यांचे लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतात. ते लाभ डिसेंबरला संपले. एखाद्या कामगाराने विचारलं असतं तर मी एका दमात सांगितलं असतं. स्वतःच्या बाबतीत मात्र, चालतंय ना, मग कशाला उकरा!

रांगेतून बाजूला झाले तेव्हा गोळ्या देणाऱ्या खिडकीतल्या काकांनी हाक मारली. ते मला ओळखत होते, आमच्या कामगारांचे किती कागद त्यांनी बघितले असतील.

"ताई, तुम्ही रिटायर झालात ना? मग एकशेवीसवालं करून घ्या की."

"एकशेवीसवालं म्हणजे?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. चेष्टा नव्हती त्यात, आश्चर्य होतं.

नियम असा आहे. ईएसआयच्या कक्षेत किमान पाच वर्षं नोकरी करून वयाने निवृत्त झालेला कामगार वर्षाचे १२० रुपये एकदम आगाऊ भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी औषधोपचार चालू ठेवू शकतो. महिन्याचे दहा रुपये झाले. मुलं, आईवडील यात नाहीत, आणि आजारपणाच्या रजेचे पैसे वगैरे रोख लाभ नाहीत, फक्त उपचार. नोकरीत असताना मी महिन्याला जेवढे देत होते, त्याहून कमी पैशांत वर्ष निघतं.

मी घरी येऊन यांना सांगितलं तर यांचा विश्वास बसेना. "एकशेवीसमध्ये काय देतात, पेपरमिंट?" मलाही आतून तसंच वाटत होतं. पण दुसऱ्या दिवशी शाखा कार्यालयात गेले.

तिथल्या टेबलावरच्या बाईंनी माझा विमा क्रमांक टाकला. हप्त्यांची जुनी यादी उघडली. त्यात २०१६ च्या एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत नऊ महिने रिकामे. माझा जीव वरखाली. मग आठवलं, तेव्हा ईएसआयला पगाराची मर्यादा १५,००० होती आणि माझा पगार १५,२०० झाला होता, म्हणून मी नियमाबाहेर गेले होते. १ जानेवारी २०१७ पासून मर्यादा २१,००० झाली आणि मी परत आत आले. त्या नऊ महिन्यांत मी देवाला हात जोडायचे की घरात कुणी आजारी पडू नये, पगारवाढीचा आनंद तेवढाच. बाई म्हणाल्या, "त्याचं काही नाही, पाच वर्षं भरतात." मग त्यांनी शेवटची ओळ दाखवली.

"पण इथे तुमचं लेफ्ट सर्व्हिस दिसतंय. रिटायर्ड नाही."

माझ्या पोटात खड्डा पडला. कारण ते काय आहे हे मला बघताक्षणी कळलं.

ज्यांनी ईएसआयचं मासिक चलन भरलं नसेल त्यांना सांगते. पोर्टलवर प्रत्येक कामगाराच्या नावापुढे कामाचे दिवस आणि पगार भरायचा. माणूस नसेल, हप्ता शून्य असेल, तर त्याचं कारण आकड्यात टाकायचं. एक म्हणजे रजेवर. दोन म्हणजे नोकरी सोडली. तीन म्हणजे निवृत्त. चार म्हणजे मर्यादेबाहेर. पाच म्हणजे मयत. अशी यादी पुढे जाते. सोबत कामाचा शेवटचा दिवस लिहायचा. दोन टाका, तीन टाका, पुढच्या महिन्यात नाव यादीतून जातं. चलन तेवढंच निघतं. मालकाला फरक नाही, क्लार्कला फरक नाही.

माझ्या जागच्या मुलाने माझ्या नावापुढे दोन टाकलं होतं.

आणि त्याला हे काम शिकवलं होतं मी. मे महिन्यात दोन आठवडे शेजारी बसवून. "माणूस गेला की दोन टाकायचं, तारीख टाकायची, सेव्ह. विषय संपला." हे माझेच शब्द. पोर्टल आल्यापासून मी हेच करत होते. मुलगा गावाला पळाला, दोन. दुसऱ्या कंपनीत जास्त पैसे मिळाले, दोन. अठ्ठावन्न पूर्ण करून नारळ घेऊन गेला, दोन. तीन हा आकडा यादीत आहे, हे मला माहीत होतं. पण त्याच्यामागे काहीतरी आहे, दोन खिडक्यांपलीकडे कुणीतरी तो बघून ठरवणार आहे, असं कधी डोक्यातच आलं नाही.

बाईंना मी यातलं काही बोलले नाही. त्यांनी सांगितलं, कंपनीच्या लेटरहेडवर दाखला आणा. वयोमानानुसार निवृत्त, तारीख, सही-शिक्का. दोघांचे फोटो, आधार, आणि एकशेवीस रुपये. दाखला त्या दिवशी संध्याकाळीच मिळाला, कारण मजकूर मीच टाइप केला. मालकांनी सही करताना विचारलं, "हे काय नवीन?" मी म्हटलं, "जुनंच आहे, मला नवीन." त्यांनी मान हलवली आणि फोन घेतला.

अर्ज देऊन चलन भरून झाल्यावर काही दिवसांनी नवं कार्ड चालू झालं. यांच्या गोळ्या परत दवाखान्यातून सुरू झाल्या. सगळं गोड आहे असं नाही. कधी एखादी गोळी नसते, चार दिवसांनी या म्हणतात. रांगेत सकाळ जाते. पण निवृत्त माणसाकडे सकाळीच तर असतात. यांनी पेपरमिंटचा विषय पुन्हा काढला नाही.

पेन्शनचं अजून एक लचांड वर्षातून एकदा असतं, हयातीच्या दाखल्याचं. माझ्या बोटाचा ठसा मशीन घेईना. उलट्यासुलट्या सगळ्या बोटांनी करून बघितलं. मग बँकेतल्या पोरीने माझ्याच फोनवर चेहऱ्याने करून दिलं. डोळे मिचकवा म्हणाली, मिचकवले, मी जिवंत ठरले. दोन मिनिटांचं काम.

पेन्शनरांच्या मागण्यांच्या बातम्या मी आता वाचते, पूर्वी वाचत नव्हते. बुलढाण्यात २०१८ मध्ये साखळी उपोषण सुरू झालं. मागणी साडेसात हजार, वर महागाईभत्ता, आणि नवराबायकोला मोफत उपचार. साडेसात हजारांचं काय व्हायचं ते होवो. शेवटची मागणी वाचली की मात्र माझ्या मनात दरवेळी तोच विचार येतो, यातले किती जण ईएसआयवाले असतील आणि किती जणांच्या नावापुढे कुणा बाईने दोन टाकलं असेल.

मार्चमध्ये मी ऑफिसात जाऊन जुनी रजिस्टरं मागितली. मुलाला म्हटलं, तू तुझं काम कर, मी कोपऱ्यात बसते. पोर्टल आल्यापासून वयाने निवृत्त झालेले अकरा जण निघाले. दोघे वारलेत. एक जण मुलाकडे गुजरातला असतो. एकाचा पगार शेवटी मर्यादेच्या वर गेला होता, त्याचं काय होतं ते बाईंना विचारायला हवं. उरले सात. सातांपैकी पाचांचे फोन नंबर जुन्या डायरीत होते.

पहिला फोन लेथवरच्या अण्णांना लावला. २०१८ ला निवृत्त झालेले. गावी असतात, तालुक्याच्या ठिकाणी ईएसआयचा दवाखाना आहे. त्यांची पेन्शन दोन हजारांच्या खाली आहे, मला पक्कं माहीत, १०-डी मीच भरला होता. त्यांच्या बायकोला दमा आहे, हेही माहीत, कारण पंपासाठी ते दर महिन्याला अर्धा दिवस सुट्टी मागायचे आणि मी तोंड वाकडं करून हजेरीत अर्धा लिहायचे.

सगळं समजावून सांगितलं. ते नुसतं हं हं करत होते. मग म्हणाले, "एकशेवीस महिन्याला ना?"

"वर्षाला, अण्णा. दोघांचे मिळून."

बराच वेळ काही आवाज नाही. मागे कुठेतरी पंप चालू असल्याचा, पाणी पडल्याचा आवाज येत होता. मला वाटलं फोन कट झाला.

"बाई," ते म्हणाले, "हे तेव्हाही होतं का? मी सुटलो तेव्हा?"

"होतं."

"मग?"

मी त्यांना दोन आणि तीनचं सांगितलं. त्यांना ते कितपत कळलं, माहीत नाही. दाखला मी पोस्टाने पाठवते म्हटलं, तर म्हणाले, "नको, मीच येतो. सोमवारी. एसटीने."